खांद्यावर 'माओरी' नक्षी गोंदवून घेणे कितपत योग्य?

मुठाकाठ

नमस्कार. उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत एक मोठे गोंदण करून घ्यावे, असे बरेच दिवस मनात आहे. त्यासाठी डेक्कन परिसरातल्या एका टॅटू स्टुडिओत चौकशीला गेलो असता तिथल्या कलाकाराने नमुन्यांची जाडजूड फाइल पुढ्यात ठेवली. देवादिकांची चित्रे, राजमुद्रा, वाघ, आईबाबांची नावे असे नेहमीचे प्रकार उलटून झाल्यावर 'माओरी' अशी चिठ्ठी चिकटवलेला एक स्वतंत्र विभाग लागला आणि मला त्यातलेच नमुने सर्वांत जास्त आवडले. वळत वळत आत जाणारी काळीभोर चक्रे, त्यांच्यामधून वाट काढणारी मोकळी त्वचा आणि प्रत्येक आकाराखाली पेनाने लिहिलेला अर्थ: हे समृद्धीचे, हे शौर्याचे, हे प्रवासाचे. एका पानावर तर पूर्ण गोंदलेला एका पुरुषाचा चेहरा होता, त्याचे डोळे मिटलेले होते. यातली गालावरची नक्षी खांद्यावर फार छान बसेल, असे कलाकाराचे म्हणणे पडले.

घरी आल्यावर थोडे वाचन केले तेव्हा न्यूझीलंडमधील माओरी समाज या गोंदणाला अत्यंत पवित्र मानतो, असे कळले. त्यामुळे आता मन द्विधा झाले आहे. माओरी नसलेल्या माणसाने अशी नक्षी अंगावर वागवणे त्यांना अपमानास्पद वाटते का? फाइलमध्ये दिलेल्या अर्थांवर कितपत विश्वास ठेवावा? आणि नक्षीची ही शैलीच मनात भरली असेल, तर योग्य मार्ग कोणता? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पर्वतीपायथा

आपल्या प्रश्नातील मिटलेल्या डोळ्यांच्या चित्रापासूनच सुरुवात करतो, कारण वाचताना मला तेच सर्वांत जास्त खटकले. ते नेमके कुठले चित्र आहे, हे ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही; परंतु इंटरनेटवर 'माओरी डिझाइन' म्हणून फिरणाऱ्या जुन्या रेखाटनांपैकी बरीचशी होरेशिओ रोब्ली या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या हातची आहेत. एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमधील युद्धांच्या निमित्ताने तो तिकडे गेला, माओरी गोंदणाच्या नादी लागला आणि १८९६ मध्ये त्याने या विषयावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची काही चित्रे जिवंत माणसांवरून काढलेली आहेत, तर काही चित्रे धडावेगळ्या करून वाळवलेल्या मस्तकांवरून काढलेली आहेत. अशी पस्तीसच्या आसपास मस्तके त्याने स्वतः जमवली होती आणि त्यांतील बहुतेक पुढे न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाने विकत घेतली.

हा प्रकार समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माओरी गोंदणाला 'ता मोको' म्हणतात. पुरुषांचा संपूर्ण चेहरा, मांड्या आणि नितंब, तर स्त्रियांचे ओठ आणि हनुवटी गोंदली जात असे. आपल्याकडे सुईने टोचतात तसे ते टोचणे नसे. अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या हाडापासून केलेली छोटी छिन्नी, तिचे नाव 'उही', त्वचेवर टेकवून तिच्यावर लहानशा दांडक्याने ठोके देत खोल रेघा कोरत आणि मग काजळीत बुडवलेली दुसरी, दातेरी छिन्नी त्याच रेघांमधून फिरवत. त्यामुळे जखम भरून आल्यावर त्वचेवर नुसता रंग राहत नसे, तर बोटाला लागतील असे चर उमटत. चेहऱ्यासाठीचा काळा रंग राळयुक्त लाकूड किंवा डिंक जाळून धरलेल्या काजळीचा असे. अंगावरच्या नक्षीसाठी बुरशी लागून कडक झालेल्या एका अळीची राख वापरीत. गोंदवून घेणारी व्यक्ती त्या काळात 'तापू', म्हणजे सोवळ्यात असे. तिने अन्नाला हात लावायचा नसे आणि तोंड सुजलेले असल्यामुळे कोरीव लाकडी नळकांड्यातून तिला पातळ अन्न भरवले जाई.

ही विद्या पाताळातून आली, अशी त्यांची कथा आहे. माताओरा नावाच्या एका तरुण सरदाराने निवारेका या पाताळकन्येशी लग्न केले आणि एके दिवशी रागाच्या भरात तिच्यावर हात उगारला. ती माहेरी निघून गेली. तिला शोधत तो पाताळात पोहोचला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची रंगवलेली नक्षी घामाने ओघळलेली होती आणि ते पाहून तिथले लोक हसले. निवारेकाचे वडील उएतोंगा हे गोंदणारे होते. त्यांनी जावयाचा चेहरा कधीही न पुसणाऱ्या नक्षीने कोरून दिला आणि ती कला घेऊन पतिपत्नी वर परतले. बायकोवर हात टाकणाऱ्या नवऱ्याने वेदना सोसून शिकलेला धडा, या अंगानेही आज ही कथा सांगितली जाते.

आता मुद्द्याकडे येतो. मोकोमध्ये माणसाचे कूळ, त्याची टोळी, त्याचा दर्जा आणि कर्तृत्व मांडलेले असते. चेहऱ्याची एक बाजू वडिलांकडची व दुसरी आईकडची, अशी विभागणी सर्वसाधारणपणे सांगतात, मात्र टोळीनिहाय पद्धती बदलतात. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात झालेल्या १८४० च्या वैतांगी करारावर आणि जमिनीच्या खरेदीखतांवर अनेक सरदारांनी आपल्या मोकोतील नक्षी काढून सही केली होती. 'ते पेही कुपे' नावाचा सरदार १८२० च्या दशकात इंग्लंडला गेला असता त्याने आरशात न पाहता, केवळ स्मरणाने स्वतःच्या चेहऱ्यावरील संपूर्ण नक्षी कागदावर उतरवून दिली, इतकी ती त्याला पाठ होती.

याच चेहऱ्यांचा पुढे बाजार झाला. मृत सरदारांची मस्तके वाळवून घरचे लोक आदराने जपत असत आणि शत्रूची मस्तके विजयचिन्ह म्हणून ठेवीत. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत, १७७० च्या जानेवारीत, त्याच्यासोबतचा निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने एका विजारीच्या मोबदल्यात असे एक मस्तक मिळवले. पुढे बंदुका आल्या. शेजारच्या टोळीकडे बंदूक आहे आणि आपल्याकडे नाही, म्हणजे मरण ठरलेले, अशी परिस्थिती १८२० च्या दशकात उद्भवली आणि बंदुकांच्या बदल्यात युरोपीय व्यापाऱ्यांना हवी असलेली वस्तू म्हणजे गोंदलेली मस्तके. मागणी वाढल्यावर युद्धकैद्यांना घाईघाईने गोंदून केवळ विक्रीसाठी ठार मारण्यापर्यंत मजल गेली. १८३१ मध्ये न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर डार्लिंग यांनी या व्यापारावर बंदी घातली. ही मस्तके आता परत जात आहेत. वेलिंग्टनचे 'ते पापा' हे राष्ट्रीय संग्रहालय २००३ पासून त्यासाठी सरकारच्या वतीने अधिकृत कार्यक्रम चालवते. फ्रान्सने २०१० मध्ये खास कायदा करून २०१२ च्या जानेवारीत वीस मस्तके परत केली. रोब्लीने जमवलेली मस्तकेही २०१४ मध्ये न्यूयॉर्कहून मायदेशी गेली.

तेव्हा फाइलमधला तो चेहरा कुठल्या तरी खऱ्या माणसाचा असण्याची शक्यता बरीच आहे. माणूस मायदेशी परतला आणि त्याच्या गालावरची नक्षी मात्र डेक्कनवर विक्रीला राहिली, असे व्हायला नको. निदान त्या पानावर तरी बोट ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळीशाई

मी पुण्यातच टॅटूचे काम करतो, म्हणून धंद्याच्या बाजूने थोडे लिहितो. 'माओरी' म्हणून आमच्याकडे जे मागितले जाते, त्यातले निम्म्याहून अधिक काम माओरी नसतेच. जिममधून येणारी मुले फोनवर हॉलिवूडचा नट ड्वेन जॉन्सन याच्या खांद्याचा फोटो दाखवतात. त्याची आई सामोअन वंशाची आहे आणि ते गोंदणही त्या वारशाशी नाते सांगणारे आहे. शार्कचे दात, कासव, भाल्याची टोके, लहान त्रिकोणांच्या रांगा हे सगळे प्रशांत महासागरातल्या सामोआ, मार्केसास, हवाई या बेटांकडचे अलंकरण आहे. माओरी नक्षीचा जीव चक्रांत आणि 'कोरू' या आकारात, म्हणजे नेच्याच्या नुकत्या उलगडणाऱ्या कोंबासारख्या वळणात असतो. कित्येकदा शाई फक्त पार्श्वभूमीत भरलेली असते आणि खरी नक्षी उघड्या त्वचेची असते. नवख्या माणसाने स्टेन्सिल उलटे समजून भलतीकडेच काळे भरल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि भरलेले काळे मागे घेता येत नाही.

अर्थांच्या याद्यांबद्दल विचारलेत. त्या याद्या एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये उतरत आलेल्या असतात. एखादा आकार कुठे आहे, कोणाच्या अंगावर आहे आणि शेजारी काय आहे, यावर अर्थ ठरत असताना 'हे समृद्धीचे' असे सुटे लेबल लावणे म्हणजे गिऱ्हाइकाची समजूत काढणे होय.

कागदावरचा चेहरा खांद्यावर 'बसवणे' हे तर कारागिरीच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. गालासाठी रचलेली वळणे गालाच्या हाडाला धरून वळलेली असतात. खांद्याचा स्नायू गोल आहे, हात वर केला की त्वचा ओढली जाते आणि चक्राचे अंडे होते. चांगला कलाकार हात लोंबता ठेवून, वर उचलून, कोपर वाकवून, मार्करने थेट त्वचेवर रेघ काढतो, पुसतो, पुन्हा काढतो. सुई त्यानंतर लागते. मोठे काळे भराव असतील तर काम एका बैठकीत करू नये. सीलबंद सुई आपल्यासमोर फोडली जाते का, शाई प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळ्या टोपणात ओतली जाते का, हे निःसंकोच पाहावे, कारण हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका खरा आहे. घरात कोणाला जखमेवर उंचवटे येण्याची, म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

आजोळ जुन्नर

वरील माहिती उत्तम आहे, पण माझी थोडी वेगळी तक्रार आहे. माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन टिपके होते, मनगटावर तुळशीवृंदावन आणि दंडावर विंचू होता. जत्रेत गोंदणारीण काजळी आणि सुया घेऊन बसत असे. 'मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते,' असे आजी सांगत असे. त्याच आजीच्या नातींना शहरात हनुवटीवरच्या टिपक्यांची लाज वाटली आणि लेझरने ते काढून टाकणाऱ्याही मी पाहिल्या. आता त्याच घरांतली मुले दहा हजार किलोमीटरहून लांबच्या समाजाची चिन्हे हजारो रुपये मोजून अंगावर घेतात आणि वर त्यांच्या पावित्र्याची चिंताही करतात. आमच्या गोंदणाच्या पावित्र्याची चौकशी कोणी केली?

दुसरे असे की, नक्षी जगभर फिरतच असते. पैठणीवरचा मोर कोणी विचारून घेतला? एखाद्याला एखादा आकार सुंदर वाटला आणि त्याने तो कौतुकाने अंगावर घेतला, तर त्याला अपराधी ठरवण्याची ही नवी रीत मला काही पटत नाही.

ऑकलंडचा पुणेकर

मी मूळचा सदाशिव पेठेतला असून नोकरीनिमित्त ऑकलंडमध्ये राहतो. 'आजोळ जुन्नर' यांची पहिली तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे, दुसरी मान्य नाही.

इथेही नेमके तेच घडले होते, जे त्यांनी आजीच्या टिपक्यांबद्दल लिहिले आहे. पुरुषांच्या चेहऱ्यावरचा मोको एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ थांबला. स्त्रियांनी हनुवटीवरचा 'मोको काउआए' विसाव्या शतकातही काही काळ टिकवला, पण पुढे तोही म्हाताऱ्यांपुरता उरला. १९०७ च्या कायद्याने पारंपरिक वैदू व जाणकारांच्या कामावरच बंधने आली आणि तो कायदा १९६२ पर्यंत लागू होता. चेहरा गोंदलेला तरुण दिसला तर तो गुंड टोळीतला असणार, अशी समजूत शहरांत रूढ झाली. मग भाषेची चळवळ उभी राहिली, १९८२ मध्ये माओरी भाषेतल्या बालवाड्या सुरू झाल्या, १९८७ मध्ये भाषेला अधिकृत दर्जा मिळाला आणि त्याच लाटेबरोबर मोकोही परतला. आज बहुतेक कलाकार यंत्र वापरतात, काहींनी उही पुन्हा हाती घेतली आहे. २०१६ मध्ये ननाया माहुता या मोको काउआए असलेल्या पहिल्या महिला खासदार ठरल्या आणि २०२० मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ओरिनी काइपारा यांनी मोको काउआए असलेल्या चेहऱ्याने राष्ट्रीय वाहिनीवर मुख्य वेळेच्या बातम्या दिल्या. एअर न्यूझीलंडने कर्मचाऱ्यांच्या दिसणाऱ्या गोंदणावरची बंदी २०१९ मध्ये उठवली, म्हणजे त्याआधी विमानाच्या शेपटीवर कोरूचे चिन्ह चालत होते आणि कर्मचाऱ्याच्या हातावरचे चालत नव्हते! बँकेच्या काउंटरवर, शाळेत, दवाखान्यात आता हे चेहरे सहज दिसतात. त्यांच्याकडे टक लावून पाहणे किंवा न विचारता फोटो काढणे मात्र असभ्य मानले जाते, हे इकडे फिरायला येणाऱ्या आपल्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

आता पैठणीच्या मोराबद्दल. मोर कोणाचा आजोबा नसतो. मोको 'फाकापापा'शी, म्हणजे वंशावळीशी बांधलेला असतो आणि मूळ आक्षेप तिथे आहे. पुण्यात राजमुद्रा दंडावर गोंदवणारे हजारो तरुण आहेत. ती सर्वांच्या आदराची खूण असल्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटत नाही, परंतु तीच कोणा परदेशी पर्यटकाच्या पोटरीवर दिसली तर पेठेत काय गहजब होईल, ते मी सांगायला नको. मोकोच्या बाबतीत तर ती खूण सर्वांची नसून एका घराण्याची असते. हे आक्षेप भावनेपुरतेही राहिलेले नाहीत. माओरी ज्ञान आणि कला यांवर हक्क कोणाचा, याबद्दल १९९१ मध्ये वैतांगी न्यायाधिकरणापुढे, म्हणजे त्या कराराच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढे, दावा दाखल झाला आणि त्याचा विस्तृत अहवाल २०११ मध्ये आला. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत वेगळेच नाटक रंगले. मुष्टियोद्धा माइक टायसनच्या डोळ्याभोवतीची २००३ मधली नक्षी एका विनोदी चित्रपटात दुसऱ्या नटाच्या चेहऱ्यावर दाखवली, म्हणून ती गोंदणाऱ्या अमेरिकन कलाकाराने निर्मात्या कंपनीवर स्वामित्वहक्काचा दावा लावला आणि नंतर तो आपसात मिटला. ज्या शैलीतून ती नक्षी स्फुरली त्या समाजाला दोन्ही पक्षांनी विचारले नव्हते, याकडे माओरी विदुषी 'न्गाहुइआ ते आवेकोतुकू' यांनी त्या वेळी खडसावून लक्ष वेधले होते.

तरीही बाहेरच्यांना दार पूर्ण बंद आहे, असे नाही. माओरी नसलेल्यांसाठी किंवा वंशावळीशी संबंध नसलेल्या कामासाठी इथे 'किरितुही' असा वेगळा प्रकार मानला जातो. त्यात शैली माओरी असते, पण कोणाच्या कुळाचा दावा नसतो. रॉबी विल्यम्ससारख्या इंग्लिश गायकाने दंडावर माओरी कलाकाराकडून काम करून घेतले तेव्हाही इकडे उलटसुलट चर्चा झालीच, म्हणजे या सीमेबद्दल खुद्द माओरींमध्येही एकमत नाही. काही कलाकार बाहेरच्या माणसाला आनंदाने किरितुही करून देतात. ते आधी बसवून घेतात, तुमचे आईवडील, गाव, नदी, डोंगर यांबद्दल विचारतात आणि त्यावरून नवी नक्षी रचतात. काहींना हेही मान्य नाही. चेहरा आणि हनुवटी मात्र बाहेरच्यांनी टाळावी, यावर बहुतेकांचे एकमत दिसते.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फाइलमधला नमुना घ्यायचा नाही, हे आता ठरले. न्यूझीलंडला जाणे लवकर शक्य दिसत नाही, त्यामुळे आणखी दोन शंका विचारतो. पुण्यातल्याच कलाकाराकडून, कोणत्याही माओरी चित्राची नक्कल न करता, फक्त काळ्या रंगात वळणांची स्वतंत्र रचना करून घेतली तर चालेल का? आणि माझा धाकटा भाऊ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. त्यालाही माझ्यासारखेच खांद्यावर काम हवे आहे. त्याला काही अडचण येईल का?

ऑकलंडचा पुणेकर

चालेल, फक्त तिला माओरी म्हणू नका आणि कोणी विचारले तर तिला आदिम टोळीचा गूढ अर्थही चिकटवू नका. 'काळ्या रंगातली वळणांची नक्षी' एवढे उत्तर पुरेसे आहे. दूरदृश्य पद्धतीने बोलून रचना करून देणारे माओरी कलाकारही आहेत, मात्र त्यांनी एका व्यक्तीसाठी केलेली रचना तुम्ही पुढे मित्राला देऊ नये, अशी अपेक्षा असते.

काळीशाई

रचनेसाठी माझी एक सूचना आहे. 'आजोळ जुन्नर' यांनी सांगितलेले तुळशीवृंदावन आणि विंचू हे आकार मोठ्या काळ्या भरावात उघड्या त्वचेने काढले तर फार देखणे दिसतात. असे काम मागणारे अजून थोडे आहेत. जुन्या बायकांच्या हातावरचे आकार प्रत्यक्ष पाहून, त्यांना विचारून, कागदावर उतरवून आणलेत तर कलाकाराला फाइलपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

भावाला मात्र थांबवा. प्रबोधिनीच्या नियमांनुसार कायमस्वरूपी गोंदण केवळ कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतल्या बाजूवर आणि पंजाच्या मागच्या बाजूवर चालते. आदिवासी समाजातील उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी वेगळी तरतूद आहे. खांद्यावरच्या कामामुळे वैद्यकीय तपासणीतच तो बाद होऊ शकतो आणि लेझरने काढले तरी इतके काळे पूर्ण जाईल याची खात्री कोणी देत नाही. परीक्षेच्या अधिसूचनेत हा भाग छापलेला असतो, तो त्याच्याकडून वाचून घ्या आणि त्यानंतरच कुठल्याही स्टुडिओत आगाऊ पैसे भरा.